रक्तवाहिनीभोवतीची कडा

एका मंगळवारी माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, जठराचा कर्करोग झालेला भाग डॉक्टरांनी कापून काढला.

सहा महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये तिच्या यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीभोवती जाडसर कडा दिसली. आजार परतला, असं आम्ही दोघं न बोलताच धरून चाललो.

स्कॅन पाहणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधीच्या फिल्म ठेवल्यात का?"

"ह्यांनी अजून लग्नपत्रिका टाकल्या नाहीत," सुलभा म्हणाली, "फिल्म कुठल्या टाकतायत!"

बाई हसल्या. ऑपरेशननंतर लगेच काढलेली फिल्म त्यांनी नव्या फिल्मशेजारी उजेडावर लावली आणि घाई न करता पाहत राहिल्या.

"कडा तेव्हाही होती, आता उलट पातळ झालीय. ऑपरेशनमध्ये दुखावलेली जागा भरून येतेय. हा आजार नाही."

भरून येणं आणि बिघडणं दिसायला इतकं सारखं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. नुसता आज पाहिला तर फरक कळत नाही. बाईंनी कालही पाहिला, म्हणून त्यांचे मी मनोमन आभार मानतो.

त्यानंतर सुलभा चार वर्षं निर्धास्त जगली. जठर लहान झाल्यामुळे दिवसातून सहा वेळा थोडं थोडं जेवायची, तिच्या सोबतीला मीही. गेल्या वर्षी ती हृदयविकाराने गेली.

मी अजून सहा वेळा जेवतो.