डाव्या रांगेतले उंदीर

सुमेधा खरवंडीकर चौसष्टच्या जूनमध्ये पिंपरीतल्या एका औषध कारखान्यात संशोधक म्हणून लागली, तेव्हा त्या विभागात ती एकटीच बाई होती. पुरुष मंडळी दुपारी डबे घेऊन एका टेबलाशी बसत. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, पण या असंही कुणी म्हटलं नाही. मग ती आपल्या खोलीत वजनकाट्याशेजारी डबा उघडायची आणि वाचत वाचत जेवायची. पुढे तिला संत तुकाराम नगरात दोन खोल्या मिळाल्या. आई वारली. नागपूरचा भाऊ सुरुवातीला पत्रातून स्थळं सुचवायचा, नंतर नुसती खुशाली कळवायचा, मग दिवाळीपुरतं लिहू लागला.

तिचं काम पांढऱ्या उंदरांवर चाले. मावळातल्या डोंगरावर एक वेल उगवते, तिच्या मुळाचा अर्क आठवडाभर उंदरांना पाजायचा, मग झोपेच्या औषधाची सुई द्यायची आणि उंदीर किती वेळ झोपतो ते मोजायचं. उताणा ठेवलेला उंदीर आपणहून पालथा झाला की तो जागा झाला असं धरायचं. हातात घड्याळ घेऊन ती तासन्‌तास स्टुलावर बसलेली असे. नुसतं औषध दिलेले उंदीर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं झोपत, मुळाचा अर्क प्यालेले वीस-बावीस मिनिटांत उठून बसत. झोपेच्या गोळ्या जास्त घेतलेल्या माणसाला या मुळाचा उपयोग होईल, असं तिला वाटलं. वाटण्यासारखंच होतं ते.

एकोणसत्तर साली तिचा लेख छापून आला. लेखकाचं नाव एकच, तिचं. ज्याला लेख हवा त्याने लेखकाला कार्ड टाकायचं आणि लेखकाने छापील प्रत पाठवायची, अशी तेव्हाची रीत. वर्षभरात सतरा कार्डं आली. लखनौ, प्राग, ओसाका, बुडापेस्ट. बुडापेस्टच्या माणसाने मुळंही मागितली होती. तिने ती स्वतः वाळवली, फडक्यात शिवली आणि पोस्टात दिली. त्याच लेखावर तिला बढती मिळाली. विभागप्रमुख यशवंतरावांनी दिल्लीच्या परिषदेत त्या कामाचा गौरवाने उल्लेख केला आणि परत आल्यावर तिला पेढा दिला.

मग पाच वर्षं काहीच घडलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत पाषाणच्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात एक परदेशी सूची आल्याचं तिच्या कानावर आलं. जगात कोणी कोणाच्या लेखाचा दाखला दिला, ते त्यात नावानिशी छापलेलं असे. एका शनिवारी ती कासारवाडीहून गाडीने शिवाजीनगरला गेली, तिथून बसने पाषाणला. ग्रंथ विटेएवढे जाड, अक्षर मुंगीएवढं. तिने नखाने ओळी मोजत मोजत आपलं नाव गाठलं. नावाखाली एकच ओळ होती. एक तर एक! कुणीतरी आपलं काम हाती घेतलं होतं. ती उठून खिडकीपाशी गेली, पाणी प्यायली, परत येऊन ती ओळ पुन्हा वाचली आणि मग तो अंक काढून मागितला.

लेख बुडापेस्टचाच होता. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : ‘खरवंडीकर यांनी नोंदवलेला परिणाम, त्यांनीच पाठवलेली मुळं वापरून आणि तीनदा प्रयोग करूनही, आम्हाला आढळला नाही.’

तिने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसली. दापोडी गेलं तरी वही मांडीवर उघडीच होती. घरी येऊन तिने कुकर लावला. हे सांगायला घरात कुणी नव्हतं आणि दारी जाऊन सांगावं असंही कुणी नव्हतं. शेजारच्या सुभद्राबाईंना काय सांगणार, की उंदीर लवकर उठले नाहीत?

सोमवारी ती वही घेऊन यशवंतरावांकडे गेली. ते म्हणाले, “अहो, कुणा परक्याने एक वाक्य लिहिलं. कोण वाचतंय ते? तुम्ही कशाला उकरून काढता?”

“मी वाचलंय ना, साहेब.”

“मग विसरा.”

विसरण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. तीच वेल, तेच औषध, तेवढेच उंदीर. दोन्ही गट सारखेच झोपले, एक मिनिट इकडे की तिकडे. तिने मुळं बदलून पाहिली, ऋतू बदलून पाहिला, काटा तपासून घेतला. जुन्या वह्या काढून आकडेमोड पुन्हा केली. आकडे बरोबर होते. तेव्हा जे दिसलं ते खरंच दिसलं होतं, आणि आता ते दिसत नव्हतं. असं वर्ष गेलं. ती बारीक झाली. विभागात कुणी विचारलं नाही.

उंदीरघर भीमराज ओव्हाळ सांभाळत. पिंपळे गुरवचे, पन्नाशीला आलेले, बोलायला मोजके. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनचे. एका सकाळी तिने त्यांना विचारलं, “भीमराज, मी मुळाचा पहिला प्रयोग केला त्या वर्षी उंदरांच्या खाण्यात काही बदल झाला होता का हो?”

“खान्यात न्हाई, बाई. हरभरा, कोंडा, त्येच.” ते झाडत राहिले. पिंजऱ्यांची एक रांग झाडून झाल्यावर म्हणाले, “अंथरुनात झाला हुता.”

“अंथरुणात म्हणजे?”

“त्या वर्साला भाताचं तूस कमी आलं. शेजारच्या कंपनीत परदेशी मशिनी आल्या हुत्या. त्येंच्या खोक्यांची लाकडं किसन सुतार रंध्यानं तासत हुता. त्येचा भुसा म्या दोन पोती आनला. डाव्या रांगेला त्यो घातला, उजवीला तूस. लई वास यायचा त्येला, गोडसर.”

सुमेधा स्टुलावर बसली. अर्काचे उंदीर डावीकडे, बिनअर्काचे उजवीकडे. सुई देताना गफलत होऊ नये म्हणून ही शिस्त तिनेच घालून दिली होती.

“तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमी इचारलं न्हाई. आन्‌ उंदरं मजेत हुती.” मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. “माज्यावर काय येईल का, बाई?”

“तुमच्यावर काही येणार नाही. डावी-उजवी मी ठरवली होती.”

किसन सुताराकडे तशी खोकी अजून येत होती. भीमराज स्वतः जाऊन पोतंभर भुसा घेऊन आले. या खेपेला सुमेधाने मुळाला हातच लावला नाही. अर्धे उंदीर भुशावर, अर्धे तुसावर, तीन आठवडे. मग सुई. भुशावरचे उंदीर एकविसाव्या मिनिटापासून पालथे होऊ लागले. तुसावरचे झोपलेलेच होते. त्या लाकडाच्या वासाने उंदरांचं यकृत तरतरीत होत होतं आणि औषधाचा निकाल झटपट लावत होतं. मुळाचा काडीचाही संबंध नव्हता.

“सापडलं, भीमराज!”

“बरं झालं,” ते म्हणाले.

तो आनंद पंधरा दिवस टिकला. मग पाषाणच्या ग्रंथालयात तिला कळलं की लाकडाच्या भुशाची ही करामत एका अमेरिकन माणसाने नऊ वर्षांपूर्वीच छापली होती. म्हणजे शोधही तिचा नव्हता. तिच्या वाट्याला फक्त चूक उरली होती.

तिने दीड पानाचं टिपण लिहिलं. मुळाचा परिणाम नाही, तो भुशाचा होता, माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा आहे. यशवंतरावांनी ते दोनदा वाचलं. “आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय. बढती याच कामावर मिळाली होती, माहितीये ना?”

“माहितीये.”

“आणि मी दिल्लीत काय सांगितलं होतं, तेही माहितीये?”

कागद दोन महिने त्यांच्या टेबलावर पडून होता. ती दर सोमवारी जाऊन समोर उभी राहायची. शेवटी त्यांनी सही केली, पण पुढचा प्रकल्प दुसऱ्याला दिला. त्यानंतर त्यांनी तिला कधी परिषदेला पाठवलं नाही.

शहात्तरच्या अखेरीस टिपण छापून आलं. शेवटच्या ओळीत आभार होते : भीमराज तुळशीराम ओव्हाळ यांच्या निरीक्षणामुळे ही चूक लक्षात आली. तिने त्यांना ओळ वाचून दाखवली. इंग्रजीतून एकदा, मराठीतून एकदा.

“बापाचं नाव बी घातलं?” त्यांनी विचारलं. कागदाची घडी करून खिशात ठेवली. पुढे तो कागद धुण्यात गेला. तिने दुसरी प्रत देऊ केली तर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. काय लिवलंय ते मला म्हाईत हाय.”

ऐंशी साली ती पुन्हा ती जाड सूची बघायला गेली. तिच्या नावाखाली आता बऱ्याच ओळी होत्या. बुडापेस्ट सोडून आणखी अकरा जणांनी जुन्या लेखाचा दाखला दिला होता. त्यातल्या एकानेही टिपण वाचलेलं नव्हतं. कुणी त्या मुळाला आशादायक म्हटलं होतं, कुणी कोष्टकात बसवलं होतं. एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवलं होतं. टिपणाखाली एकही ओळ नव्हती. चुकीला पाय फुटले होते, आणि दुरुस्ती जिथल्या तिथे बसून होती.

तिने अकराही पत्ते लिहून घेतले. दर रविवारी दुपारी जेवण आटोपलं की ती एक पत्र लिहायची. ‘महोदय, आपण माझ्या लेखाचा दाखला दिलात याबद्दल आभारी आहे. तो लेख चुकीचा आहे. सोबत दुरुस्ती पाठवत आहे.’ एवढंच. तिघांचं उत्तर आलं. दोघांनी आभार मानले. कलकत्त्याचे एक प्राध्यापक चिडले होते. त्यांनी विचारलं होतं, माझ्या विद्यार्थ्याची दोन वर्षं या मुळापायी गेली, त्याला मी काय सांगू?

हे पत्र तिने बऱ्याच वेळा वाचलं. मग कोरा कागद ओढला आणि आपला प्रयोग कसा केला, रांगा कशा लावल्या, भुसा कुठून आला, सगळं चार पानं भरून सविस्तर लिहिलं. शेवटी लिहिलं, त्याला म्हणावं, अंथरूण आधी तपासायचं. आणि उंदीरघर जो झाडतो त्याला विचारायचं.

सोमवारी कामावर जाताना तिने पत्र पेटीत टाकलं. सूचीचा पुढचा ग्रंथ मार्चमध्ये येणार होता, त्यात आणखी नावं निघणार, त्यांनाही लिहायचं होतं.