चिकवट हा शब्द माझा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवासमोर दिवा लावला की घाईघाईने आत पळते — न जाणो, त्याने विचारलं तर? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही समोर नाही. समोर माणूस असलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आमच्या तारापूरच्या बाजूला ‘चिकवट’ म्हणतात, ऐकलंय? थंडीत खाऱ्या वाऱ्याने अंग कोरडं पडतं, कातडीवर बारीक तपकिरी भुकटी बसल्यासारखी दिसते, नख ओढलं की पांढरी रेघ उठते — ते चिकवट. वाडीतला चिकू झाडावरून उतरवला की अगदी तसा असतो. मग आम्ही तो पाण्यात चोळून धुतो, वाळवतो, करंडीत भरतो. वीजकेंद्राच्या बांधकामावर आलेल्या घाटावरच्या बायकाही आता हा शब्द वापरतात. फार जुना आहे, असं समजतात. जुना कसला — पाच वर्षांचा. तो कुठून आला, ते मला ठाऊक आहे.

तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. घरात बोलायचं काम सासूबाई आणि थोरल्या जाऊबाईंचं, मान डोलवायचं माझं. अर्ध्या गावाची टोपणनावं जाऊबाईंनीच पाडलेली. त्या दिवशी त्या विहिरीवर होत्या आणि मी ओटीवर चिकू धूत होते. नवापूरची मासेवाली पाटी उतरवून बसली. म्हणाली, “सूनबाय, सासू बरी हाय ना गो? काल पायली, अंग कसं दिसतं तिचं!”

मी हातातल्या चिकूकडे बघितलं आणि म्हटलं — “चिकवट.”

एवढंच. पण ती काय हसली म्हणून सांगू! पाटीतले बोंबीलसुद्धा हलले. माझ्या बोलण्यावर कुणी हसलं, असं जन्मात पहिल्यांदा झालं. म्हणून मी आणखी म्हटलं, “धुवून करंडीत भरायला पायजे.” — हे दुसरं वाक्य माझ्याकडून कुणी वदवून घेतलं होतं का?

बोंबलांबरोबर शब्दही दारोदार गेला. आठ दिवसांत सासूबाईंच्या कानावर आला. त्यांनी मासेवालीला दारातच धरलं. ती म्हणाली, “तुमचीच सून बोलली गो मावशे,” आणि पाटी उचलून निघून गेली. सून म्हटल्यावर सासूबाईंनी बघितलं कुणाकडे? माझ्याकडे नाही.

“मी नाय बोलली, आई. तुळशीची आन.”

“तू नाय तर कोन? ही? हिला मीठ मागायला दोन दिस लागतात!”

मी तिथेच उभी होते, भाताचं पातेलं धरून, मान खाली घालून. मान खाली घातलेली सून चांगलीच दिसते, नाही?

जाऊबाईंच्या एकुलत्या भावाचं लग्न होतं, पालघरला. सासूबाईंनी त्यांना जाऊ दिलं नाही. जाऊबाई रडल्या, दोन दिवस उपाशी राहिल्या — नाही म्हणजे नाही. घरातून कुणीतरी जायला हवं म्हणून पाठवलं मला. त्यांच्या भावामागे करवली म्हणून मी उभी राहिले. करवलीचं हिरवं लुगडं मला मिळालं. चार जिलब्या वाढल्या, चारही खाल्ल्या. जाऊबाईंची आई सारखी विचारत होती, “माझी पोर का नाय आली?” मी म्हटलं, ताप आलाय. एरवी शब्द न फुटणाऱ्या मला हे बरं सुचलं.

आता सांगायचंय ते याहून वाईट. सासूबाई गेल्या, शब्द राहिला, लोक तो वाखाणू लागले. गेल्या महिन्यात शाळेचे मास्तर वही घेऊन आले — इकडचे शब्द ते टिपून ठेवतात. चिकवट कुणाचा, म्हणाले. जाऊबाई ताठ बसल्या.

“माझा. त्यापायी भावाचं लगीन चुकलं माझं.”

मास्तरांनी लिहून घेतलं.

मी दाराआड होते. तेव्हा तरी लाज वाटायला हवी होती ना? मला राग आला. माझा शब्द! माझ्या हातून वहीत चढण्यासारखं काही झालं असेल तर ते हे एकच — आणि ते त्यांच्या नावावर? त्यांचं भावाचं लग्न चुकलं तेव्हा मी जिलब्या खाल्ल्या. शब्द गेला तेव्हा मात्र मला घास उतरेना. असं माझं मन आहे.

जाऊबाई मागल्या दारी पावटे सोलायला बसल्या आहेत. आत्ताच हाक मारली त्यांनी. जाते. शेजारी बसेन, सोलू लागेन, आणि काही बोलणार नाही.