लाइनमनबाईनं दिलेली खरखर

सलग अकरा दिवस मी जिवंत बायकांच्या तोंडावर फोन ठेवत होते आणि शिव्या घालत होते ढगाला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही शहाण्यासारखं बोलले तरी तुम्ही फसायचे नाहीत. तेव्हा मी अवघी बासष्ट वर्षांची होते. नवा चष्मा, नवी निवृत्ती आणि कळंबच्या एक्स्चेंजमध्ये जन्मभर टेलिफोन ऑपरेटर म्हणून बसल्याची ताठ मान. त्या कोवळ्या वयात माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळतं.

निवृत्तीनंतर मी धाराशिवला एका संस्थेच्या फोनसेवेत बसायला लागले होते. घरात जाच असलेली, कुणाजवळ बोलायची सोय नसलेली बाई तिथं फोन करायची आणि आम्ही ऐकायचो. टेलिफोन दोनच, आणि तेही सदा गुंतलेले. मग ठरलं, की नंबर तोच ठेवायचा, पण टेलिफोन कंपनीचं जाळं क्लाउडवरच्या गेटवेला जोडायचं. म्हणजे आलेला फोन तिथून कळंबच्या, भूमच्या, परंड्याच्या आमच्या ताईंच्या घरीही वळवता येईल. क्लाउड म्हणजे ढग, एवढं मला समजलं. मी म्हटलं, "आपल्या जिल्ह्यातला ढग पाऊससुद्धा धड पोचवत नाही, तो फोन काय पोचवणार?" सगळ्या हसल्या. एकटी हसली नाही. ती जोडणी करायला आलेली इंजिनियर होती.

फोन दुरुस्त करायला येतो तो लाइनमन, ही माझी जुनी व्याख्या. ही बाई, म्हणून मी तिला लाइनमनबाई म्हणायला लागले. "काकू, पण मी खांबावर चढत न्हाय की," ती म्हणाली. "चढशील गं, अजून वय कुठं गेलंय तुझं," मी म्हटलं. तिशीच्या आतबाहेरची, भूमकडच्या मेंढपाळ घरातली, केस आवळून बांधलेले. खुर्ची दिली तरी फरशीवर मांडी घालून बसायची, मांडीवर लॅपटॉप आणि कानात फोन. दुपारचं ऊन खिडकीतून सरकत सरकत तिच्या पावलापर्यंत यायचं, तेव्हा ती पाऊल तेवढं मागं घ्यायची. नजर पडद्यावरून हलायची नाही.

तिची एक सवय मला फार आवडायची. फोन लागतो का पाहायला बाकीचे लोक "हॅलो, हॅलो, चेक, चेक" करत बसतात. ही भूमला आपल्या वडलांना फोन लावायची आणि विचारायची, "आबा, जेवलात का?" मग डोळे मिटून ऐकायची. आबा माळावरून निवांत सांगत राहायचे, की भाकरी होती, हुलग्याचं माडगं होतं, एक मेंढी लंगडतीय, वारं सुटलंय. मी म्हटलं, "कंपनीच्या खर्चानं बापाशी गप्पा मारतेस होय गं?" तर म्हणाली, "हॅलो म्हणल्यावर माणूस नुसतं हॅलोच म्हणतंय, काकू. त्यातनं लाइन कशी हाय ते कळत न्हाय. जेवणाचं विचारलं की माणूस बोलतंय." भूमच्या माळावरचं वारं कंपनीच्या जाळ्यातून, कुठल्या कुठल्या ढगातून फिरून आमच्या खोलीत यायचं, आणि ती मान डोलवायची.

कामात अडचण आली की ती एका कानाला कंपनीचा माणूस धरायची आणि दुसऱ्या कानाला गेटवेवाल्यांचा. तो म्हणायचा, आमच्याकडून ओके आहे. हाही म्हणायचा, आमच्याकडून ओके आहे. दोघांचं बोलून झालं की ती दोन्ही फोन खाली ठेवून मला सांगायची, "दोन्ही घरं चांगली असली ना काकू, की भांडण उंबऱ्यावर असतंय. मला उंबऱ्यावरच बसायचा पगार हाय." आणि खरोखरच तिथं बसून, तासाभरात कुठलातरी आकडा बदलून, ती दोन्ही घरं एक करायची.

जोडणी झाली आणि माझं पाप सुरू झालं.

ते समजायला जुनी तार माहीत पाहिजे. कळंबला मी कानाला हेडफोन लावून बसायची तेव्हा तारेतली शांतता कधी रिकामी नसायची. कुणी बोलत नसलं तरी एक बारीक खरखर यायची, दूरच्या ज्वारीतून वारं जावं तशी. कधी वाटायचं, सगळा मराठवाडा झोपलाय आणि मी त्याच्या छातीला कान लावून बसलीय. ती खरखर थांबली की समजायचं, लाइन मेली. प्लग काढायचा आणि पुढचा कॉल घ्यायचा. असे किती हजार प्लग मी काढले असतील कोण जाणे. हात आपोआप जायचा.

नव्या जोडणीत ती खरखर नव्हतीच. पलीकडची बाई गप्प झाली की कानात काही म्हणजे काही उरायचं नाही. हाक मारली तरी घुमत नाही अशी विहीर जणू. मी दोनदा हॅलो म्हणायची आणि रिसीव्हर ठेवून ओरडायची, "गेला! तुमच्या ढगात गेला फोन!" वहीत लाल शाईनं लिहायची, 'कॉल तुटला'. त्यात भूमकडची एक बाई होती. गावाचं नाव तेवढं सांगितलं होतं तिनं. पुढं "ताई…" म्हणायची आणि गप्प व्हायची. तिचा फोन तीनदा तुटला, असं मी तीनदा लिहिलं. चौथ्यांदा तिचा फोन आलाच नाही.

मी लाइनमनबाईला बोलावून घेतलं आणि लई तोडून बोलले. "ती पोरगी घरात कशी असेल, काय असेल, आणि तुझी जोडणी तिला अर्ध्यावर सोडते! आमच्या काळात असं नव्हतं." दोन दिवस उंबऱ्यावर बसली. दोन्ही कानांना दोन्ही घरं. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघीच असताना म्हणाली, "काकू, मी जरा मागच्या अंगणात जाऊन फोन लावते. तुम्ही रोजच्यासारखा उचला."

घंटा वाजली. मी उचलला. पलीकडं काही नाही. "हॅलो?" काही नाही. "हॅलो?" विहीर. मी रिसीव्हर ठेवला आणि जिंकल्यासारखी दाराकडं वळले. "बघ! तुटला!"

ती अंगणातून दारात आली होती. फोन अजून कानाला. "तुटला न्हाय, काकू. मी होते की. लिंबाखाली हुबी होते, श्वास घेत होते."

मग फरशीवर बसून तिनं मला पडद्यावर दाखवलं. प्रत्येक फोन शेवटी कुणी ठेवला, याची तिथं नोंद असते. माझ्या लाल शाईच्या एकेका ओळीसमोर नोंद होती, की फोन आमच्या बाजूनं ठेवला गेला. भूमच्या बाईचे तिन्हीसुद्धा. हे तिला आदल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्यादेखत, संस्थेच्या मॅडमसमोर सांगू शकली असती. मी तिथल्या तिथं पदर तोंडाला लावला. एवढी मोठी ऑपरेटर, आणि गप्प बसलेलं माणूस आणि मेलेली तार यातला फरक कळेना.

"तिचा नंबर दिसतोय ना तुझ्या पडद्यावर? लाव, लाव तिला फोन," मी म्हटलं.

"न्हाय काकू. आपुनहून फोन करायचा न्हाय. घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर तिचीच पंचाईत. पहिल्याच दिवशी हे तुम्हीच मला शिकवलंय."

खरं होतं. नियम माझाच होता. आता तिनं फोन केला तरच. आणि तीनदा तोंडावर आपटलेला फोन चौथ्यांदा कोण लावतं?

"काकू, लाइन जिती हाय हे तुम्ही कशावरनं वळखता?" तिनं हळूच विचारलं. मी सांगितलं, खरखरीवरून. तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला. मग म्हणाली, "दुपारी बाभळीखाली मेंढरं बसली की आबा डोळे झाकून पडतात. एकबी मेंढरू ओरडत न्हाय. तरी सगळी हायेत, हे त्यांना कळतंय. रवंथ चालू असतो, तो ऐकू येतो." आणि गेटवेत शोधून शोधून तिनं एक गोष्ट सुरू केली. बोलणं थांबलं, पण फोन कुणी ठेवला नसला, की लाइनीवर बारीक खरखर सोडायची. आधी फार मोठी झाली, मग फार लहान. मी कानाला लावून सांगत होते, "अजून थोडी. आता कळंबसारखी. हां."

"खोटी हाय बरं का ही खरखर," ती म्हणाली. "यंत्र तयार करतंय. पर पल्याडचं माणूस खरं हाय, एवढं त्यातनं कळलं म्हंजी झालं."

मॅडमना दिलेल्या कागदावर तिनं बिघाडाचं कारण लिहिलं होतं, 'लाइनवर शांतता जास्त होती. दुरुस्त केली.' माझं नाव कुठंच नव्हतं. मी तो कागद कितीदा वाचला असेल.

पुढचे दिवस मी फोनजवळून हलले नाही. पाणी प्यायला उठले तरी घाईनं परतायची. आठवडा गेला, दुसरा गेला. लाइनमनबाईला हैदराबादला नवी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ती चाव्या, कागद, पासवर्डची वही द्यायला आली. मी तिच्यासाठी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या. डबा तिच्या हातात देते न देते तोच फोन वाजला.

"ताई…"

आणि पुढं काही नाही. बारीक खरखर तेवढी. लाइनमनबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. फक्त एकदाच म्हणाले, "मी आहे. घाई नाही."

मिनिट गेलं असेल, पाच गेली असतील. ऊन फरशीवरून सरकत होतं. लाइनमनबाईनं न वाजवता बॅग उचलली, वाकून माझ्या पावलांना हात लावला. मी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. दारातून तिनं एकदा वळून पाहिलं, आणि गेली. बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा, मग लांब जात विरल्याचा आवाज आला. पुन्हा तिची गाठ पडली नाही. पण त्या दिवसापासून समोरचं माणूस गप्प बसलं की मी आधी ऐकते. घरातली नातवंडंसुद्धा त्यावरून मला हसतात.

त्या दुपारी, रिक्षा गेल्यावर, त्या गप्प लाइनीत कुणीतरी नाक ओढलं. मग भूमच्या त्या पोरीचा आवाज आला, आणि ती मला म्हणाली, "ताई, मागच्या खेपंला फोन कटला हे मला तवा कळलंच न्हाय, म्या सगळं त्या बंद फोनलाच सांगून मोकळी झाले. आता पुन्यांदा पहिल्यापासनं सांगते, ऐका."