सुभद्राकाकूची नजर

माझी आई कालिंदी बाळंत झाली, म्हणजे मी जन्मलो, तेव्हा गिरगावातल्या आमच्या वाडीत पेढे वाटले गेले आणि सुभद्राकाकूच्या पोटात दुखू लागलं. काकू म्हणजे आईची थोरली जाऊ. लग्नाला तप लोटलं तरी तिची कूस उजवली नव्हती, आणि धाकटीचा मात्र वर्षाच्या आत पाळणा हलला. जळणार नाही तर काय करील?

पण काकू हट्टी. हेवा वाटणं पाप, म्हणून तिनं त्याच्याशी उभा दावा मांडला. सोमवार धरले, शनिवार धरले, तोंडानं सतत नामस्मरण. इकडे मी ट्यां केलं की तिकडे तिच्या काळजात चर्र होई. उपासांनी तिच्या अंगावरचं मांस तेवढं गेलं, हेवा आपला गुटगुटीतच. आपली नजर बाधेल या धास्तीनं तिनं मला कधी हातही लावला नाही. आईला वाटे, थोरलीला माझं पोर डोळ्यांसमोर नको.

मी चारपाच महिन्यांचा असताना एकदा दूध घेईना. सकाळपासून रडून रडून काळानिळा झालो. आई काकूकडे धावली.

"जाऊबाई, घरात मोठ्या तुम्ही. याची दृष्ट काढा."

काकूच्या मनात आलं, जिची नजर लागली तिनंच ती उतरवायची? तरी मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेऊन ती माझ्यावरून ओवाळू लागली. "आल्यागेल्याची, भुताखेताची, घरच्यादारच्याची..." इथं ती अडली. मग भांडून दमलेलं माणूस खाली बसावं तशी म्हणाली, "आणि माझी. मला हेवा वाटतो गं, कालिंदी. रोज वाटतो. काही केल्या जात नाही मेला."

काकूनं मूठ शेगडीत टाकली. दृष्ट लागलेली असली की मिरच्यांचा ठसका येत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी असा ठसका उठला की शेजारच्या सखुबाई खोकत दारात आल्या. आई डोळे पुशीत म्हणाली, "तुमची नव्हती हो, जाऊबाई. धरा याला."

माझं पोट दुखत होतं, दुसरं काही नाही. ओव्याच्या शेकानं थांबलं.

काकूचा हेवा थांबला नाही. दुखऱ्या गुडघ्यासारखा तो घेऊनच ती घरभर वावरली. उपास मात्र तिनं सोडले. "आज जरा जास्तच जळतंय गं," असं ती आईला सरळ सांगे, आणि सांगताना मी तिच्याच मांडीवर असे.