गफूरभाईनं झाकलेलं पान

कॉमिकच्या ज्या पानावर चोरी दाखवलेली असे, ते पान गफूरभाई तळहाताने झाकून धरायचा आणि शेजारचं पान माझ्यापुढे करून विचारायचा, "सांग नाना, चोर कोण?" त्या पानावर मुखवटा घातलेला वीर एका माणसाला भिंतीवर आपटत असायचा. मी म्हणायचो, "हा काय, आपटलेला."

"कशावरून?"

"मार खातोय ना."

तो झाकलेलं पान न दाखवताच कॉमिक मिटायचा आणि सुईत दोरा ओवायला लागायचा. मला राग यायचा. अजूनही येतो.

गफूरभाई बाइंडर होता. जळगावात आमच्या गल्लीत माझं सायकलचं दुकान आणि लागूनच त्याचं. त्या काळी भाड्याने कॉमिक्स देणारी दुकानं शहरात पुष्कळ होती. सुटं कॉमिक चार हातांत फिरलं की फाटतं, म्हणून दुकानदार पाच-सहा एकत्र शिवून, पुठ्ठा घालून घ्यायचे. बाकीचे बाइंडर शिवून मोकळे होत. हा पन्नाशीचा माणूस आधी प्रत्येक कॉमिक चष्मा लावून वाचायचा, तेही मोठ्याने. माझी शाळा चौथीत सुटली. हिंदी वाचायला मी त्याच्याजवळच शिकलो, हे मी कबूल करतो. बाकी तो माझ्यापेक्षा शहाणा होता असं काही नाही.

मला ते वीर आवडायचे. कोर्ट नाही, तारीख नाही, उडत आला, ठोकलं, गेला. मी म्हणायचो, "असा एक जळगावला पाहिजे. स्टेशनपासून मेहरूण तलावापर्यंत सगळे सरळ होतील."

"आणि तोच वाकडा झाला तं?"

"तो कसा होईल?"

"का? मानूस नही शे का तो?" गफूरभाई म्हणायचा. "नगरसेवक वाकडा निघाला तं पाच वर्षांनी पाडता येतो. याले कोनी निवडून दिलं? पाडशील कसा? तोंड बी माहीत नही त्याचं."

"तू कॉमिकचा पण पंचनामा करशील."

"कॉमिकमधी ठीक आहे रे. तिथं चित्र काढणाऱ्यानं चोरी आधीच्या पानावर दाखवलेली असते. वीर कधी चुकत नही, कारण चोर कोण ते ठरवूनच त्याला सोडलेलं असतं. आपल्याला ते पान कोण दाखवतं?"

अशी आमची रोजची भांडणं. चहा मात्र एकाच किटलीतला.

माझ्या दुकानात तासाने भाड्याने द्यायच्या सायकली होत्या. मागच्या मडगार्डवर मी हिरवा पट्टा मारायचो, ती माझी खूण. नव्वदच्या आसपास एक सायकल कोणी नेली ती परत आलीच नाही. दीड-दोन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी भर दुपारी, एक खेड्यातला माणूस हिरव्या मडगार्डच्या सायकलवरून गल्लीत आला आणि माझ्याच दुकानापुढे उतरला. हवा भरायला. चोर माझ्याच दारात हवा भरायला येतो, ही मस्ती मला सहन झाली नाही. मी हँडल धरलं.

"ही कोणाची?"

"मन्ही शे, भाऊ."

शेजारच्या दुकानातून गफूरभाई ओरडला, "सीटखालचा नंबर बघ आधी. वहीत आहे ना तुझ्या?" मी म्हणालो, "माझी सायकल ओळखायला मला वही लागत नाही." आणि त्या माणसाच्या कानाखाली दिली. लगेच दुसरी. मग गल्ली धावली. कोणी विचारलं नाही काय झालं. मी मारतोय एवढं त्यांना पुरे होतं. गफूरभाई मधे घुसला, त्यालाही दोन-चार बसल्या. माणूस खाली पडल्यावर सगळे दमले. गफूरभाईने सायकल उलटी केली, नंबर वाचला, माझी वही आणून पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हाई सायकल तुन्ही नही शे, नाना."

त्या माणसाने घराच्या दाराचा उरलेला रंग मडगार्डला लावला होता.

त्याचा डावा कान कायमचा गेला. भावाने तक्रार दिली. हवालदार चौकशीला येणार म्हटल्यावर गल्लीने ठरवलं, गर्दी होती, कोणी मारलं सांगता येत नाही, एवढंच बोलायचं. मी गफूरभाईकडे गेलो. "तूही गर्दी म्हण."

तो पुठ्ठ्याला खळ लावत होता. म्हणाला, "गर्दी म्हंजे काय रे? तो बी मुखवटाच. कॉमिकमधला एकटा घालतो, आपण पन्नास जणांनी मिळून एक घातला."

"माझं नाव घेणार?"

"तू सोता सांग. मग माझ्यावर पाळी येणार नही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तं मी सांगीन. माझं बी सांगीन, का मी उठेपर्यंत तुझे दोन हात पडून गेले होते."

मी सांगितलं नाही. त्याने सांगितलं. दोन दिवस मी कोठडीत होतो, पुढे तारखा सुरू झाल्या. पण मला लिहायचं आहे ते कोठडीचं नाही. सुटून आलो तेव्हा गल्लीने मला हार घातला, ते लिहायचं आहे. कोणीतरी म्हणालं, "नानाने हात लावला नव्हता. गफूरने खोटी साक्ष दिली." दुसरा म्हणाला, "शेवटी ते लोक असेच." गफूरभाई आपल्या दारात उभा होता, ऐकत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. एक शब्द पुरे होता. माझ्या गळ्यात हार होता आणि मी गप्प बसलो.

त्याच्याकडे येणारं काम महिनाभरात थांबलं. खोटारड्याकडे कशाला द्यायचं, असं दुकानदार म्हणायचे आणि गठ्ठे दुसरीकडे न्यायचे. चहा आम्ही वेगळा मागवू लागलो. पावसाळा संपता संपता तो धुळ्याला मुलीकडे निघून गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही. मीही नाही.

चार वर्षांनी कळलं की तो अंथरुणाला खिळलाय. मी एसटीने धुळ्याला गेलो. खाटेवर हाडं उरली होती. मुलीने पाणी दिलं, बाहेर गेली. मी म्हणालो, "गफूरभाई, तू खरं बोलला होता."

त्याने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "माले काय सांगस? माले तं माहीतच शे. गल्लीमा सांग."

महिन्याभरात तो गेला. मी गल्लीत सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणत राहिलो, आणि ज्यांना सांगायचं ती माणसं एकेक करून संपत आली. माझा स्वभाव असा आहे, मी वाकत नाही. त्याचा मला गर्व होता. आता तो गर्व कुठे ठेवावा कळत नाही.

जे उरलेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी आमची गल्ली पाहिलीच नाही त्यांच्यासाठीही, माझ्या हाताने लिहितो. त्या माणसावर पहिला हात माझा पडला. दुसराही माझाच. गफूरभाई बाइंडर एक अक्षर खोटं बोलला नाही.