होडीचा परकर

आजवर हे मी कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी नाही. देवापुढे बसते तेव्हा लहानसहान चुका त्याला सांगते आणि ही तेवढी गाळते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं त्यातल्या त्यात सोपं जाईल असं वाटतंय. बघू, जमतं का.

कापडापासून सुरुवात करते. कापडाबद्दल मला बोलता येतं.

दुसरी मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. कल्याणच्या बाजारात लष्कराचा जुना माल अजून विकायला यायचा — तंबू, बूट, कंदील, काय वाट्टेल ते. माझा थोरला भाऊ, दादा, तिथून एक होडी घेऊन ठाण्याला आला. लाकडी कामट्यांवर कापड ताणलेली, लांब, निमुळती, एका माणसापुरती, आणि मधोमध बसायला गोल भोक. आई म्हणाली, हे काय पडवळ आणलंस?

ती वल्हवायला त्याला भिकूनं शिकवलं. भिकू चेंदणीच्या कोळीवाड्यातला, दादाच्याच वयाचा, चौथीपर्यंत त्याच्या शेजारी बसलेला. तेव्हापासून दोघांचं गूळपीठ. तो आमच्या ओटीवर येऊन बसायचा आणि अप्पा, म्हणजे आमचे वडील, त्याला चहा द्यायला सांगायचे.

खाडीत वारा सुटला की लाटांचं पाणी त्या भोकातून आत यायचं. त्यावरचं मूळचं झाकण कुठंतरी हरवलं होतं, ते नव्यानं शिवायचं काम माझ्यावर आलं. मी तेव्हा वीस वर्षांची, शिवणाच्या वर्गाला जाऊन आलेली. सुमाच्या हाताला सफाई आहे, असं सगळे म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं — एवढं लक्षात ठेवा.

झाकण म्हणजे काय, तर वरचं तोंड बसणाऱ्याच्या कमरेला घट्ट आणि खालचा घेर भोकाच्या काठावर ताणून बसवलेला. म्हणजे परकरच की! आम्ही त्याला होडीचा परकर म्हणू लागलो. आता चोळी कधी शिवतेस, असं आई मला विचारायची.

आधी ताडपत्री आणली. ती इतकी ताठ की कमरेशी वळेना. मेणकापडाला घडीवर चिरा पडल्या. शेवटी भिकूनं तंबूचं कापड निवडलं, दाट विणीचं. तोंडाला लावून त्यानं फुंकर मारून पाहिली, हवा पार जाईना, तेव्हा म्हणाला की हेच घ्या. काठाला ताण राहावा म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मी आत घातल्या. आणि पुढच्या बाजूला वीतभर पट्टा लावला. त्या पट्ट्याचं भिकूनं मला तीनदा समजावलं. होडी उलटली की माणूस पाण्याखाली, डोकं खाली, पाय आत अडकलेले. पट्टा ओढला की काठ सुटतो आणि माणूस बाहेर येतो. म्हणून पट्टा कायम बाहेर आणि कायम मोकळा. मी मान डोलावली.

निगाही माझ्याकडेच. खाडीवरून आला की गोड्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा, शिवणींवर मेण घासायचं. दोन वर्षं मी हे मनापासून केलं — हे सांगून मी स्वतःची बाजू घेतेय का? घेतेय बहुधा. ते सोडा.

पावसाळाभर परकर ट्रंकेत होता. नारळी पौर्णिमेच्या आधी काढला तर त्यावर बुरशीचे ठिपके, दोन शिवणी उसवलेल्या. सगळं नीट केलं. त्या दिवशी बंदरावर सगळं गाव लोटतं. दादाच्या होडीकडे लोक बघणार, हे कुणी शिवलं म्हणून विचारणार. आणि मधोमध तो मळकट पट्टा लोंबत होता. शिवणाऱ्या बाईला लोंबतं टोक सहन होत नाही हो. नाडीचं टोक आपण आत खोचतोच ना? तसा मी पट्टा आत दुमडला आणि लाल दोऱ्यानं टाचला. कच्ची शिवण नेहमी वेगळ्या रंगानं घालायची, म्हणजे उसवायची विसरत नाही. घडी नीट बसेपर्यंत ठेवू, मग उसवू, असं ठरवलं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी मी नारळीभाताचा नारळ खवत होते. दादानं ओटीवरून हाक मारली, "सुमे, पट्टा मोकळा आहे ना गं?" भिकू होडी उचलायला त्याच्या शेजारीच उभा होता.

मी "हो" म्हटलं.

आठवलं नव्हतं का? — हेच विचाराल ना? आठवलं होतं. 'हो' म्हणता म्हणताच आठवलं. पण उठून सांगायचं म्हणजे, तीनदा सांगूनही टाचलास कशाला, हे भिकूच्या देखत ऐकून घ्यायचं. कच्ची टाच आहे, ओढली की तुटेल, असं मी मनाला सांगितलं. ओढायला पट्टा आधी हाताला लागायला हवा, हे मला कळत नव्हतं? मी खवत राहिले.

मागचा काठ बसलेल्या माणसाच्या हाताला येत नाही. त्यामुळे परकर बसवायचं काम नेहमी भिकूचं. त्या दिवशीही त्यानंच बसवला. पट्टा त्यानं पाहिला नाही, कारण माझा 'हो' त्यानं ऐकला होता.

खाडीच्या मध्यावर एका मोठ्या गलबताच्या लाटेनं दादा उलटला. भिकू स्वतःच्या होडीतून मागेच होता. त्यानं उडी टाकली, पट्टा चाचपला, मग सुरीनं परकर फाडून दादाला वर काढलं. दादा वाचला, पण छातीत गेलेल्या खारट पाण्यानं त्याची छाती कायमची अधू केली. पुढं पाच पायऱ्या चढला तरी तो भिंतीला टेकायचा.

संध्याकाळी ओटीवर अप्पांनी विचारलं, हे झालं कसं? खाटेवरून दादा म्हणाला की पट्टा सापडलाच नाही, आणि सुमानं तर मोकळा आहे म्हणून सांगितलं होतं. सगळे भिकूकडे बघायला लागले. भिकूनं दाराआडून डोकावणाऱ्या माझ्याकडे एकदा पाहिलं.

"घाईत आत ऱ्हायला," तो म्हणाला. "माजीच चूक."

अप्पांनी त्याला पुन्हा पायरी चढू नकोस म्हणून सांगितलं. दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. गोष्ट बंदरावर पसरली, आणि ज्याच्या हाताखाली माणूस बुडता बुडता राहिला त्या भिकूला होड्यांच्या बांधाबांधीच्या कामाला कुणी बोलवेना. मी काय करत होते? मी दादाला पेज भरवत होते. चांगली बहीण आहे, असं लोक म्हणत होते.

मला तेव्हा वाटत होतं की भिकूला खरंच स्वतःची चूक वाटते आहे. तेवढाच मला आधार होता.

तिसऱ्या दिवशी तो मागच्या दारी आला. फाटलेला परकर गोड्या पाण्यात धुऊन, घडी घालून आणला होता. तो माझ्या हातात दिला आणि मग मूठ उघडली. मुठीत लाल दोरा होता.

"बाय, मी सोरवलाय," तो हळूच म्हणाला. "आता कोनी बगितला तरी काय दिसाचा नाय."

आणि गेला. मी त्याला थांबवलं नाही. तो दोरा मी चुलीत टाकला.

सात वर्षांनी दादा गेला, त्याच छातीनं. शेवटच्या आठवड्यात त्यानं मला विचारलं, भिकू असं कसं विसरला गं? मरणाच्या दारातला माणूस, त्याला खरं सांगायला काय लागत होतं? मी म्हटलं, घाईत होता तो, दादा.

तिरडी उचलताना भिकू रस्त्यापलीकडून आला. खांदा द्यायला वाकला. अप्पांनी हात आडवा केला. भिकू जागच्या जागी थांबला आणि त्यानं दाराकडे पाहिलं, जिथं मी उभी होते. मी पदर तोंडावर घेतला. मी रडत होते, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही.