धरणाकाठची राखण

आई गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली होती. जो तो मला समजावत होता, आणि त्या कलकलाटात माझ्या कानातला आईचा आवाजच पुसट होत चालला होता. तो कुठे साठवलेलाही नव्हता. मोबाइल पुढे केला की ती तोंड फिरवायची. चेहरा आठवायचा, बोलणं आठवायचं, आवाज मात्र येईना. शांतता मिळाली तर येईल, म्हणून ऐन पौषात मी वडिवळ्याच्या धरणाकाठी मैत्रिणीच्या रिकाम्या शेतघरात एकटीच जाऊन राहिले.

कसली डोंबलाची शांतता! शनिवार-रविवार पलीकडच्या काठावर लोणावळ्याहून आलेली टोळकी स्पीकर लावून नाचली. निसर्ग बघायला येतात म्हणे! सोमवारी ती गेली आणि मी धरणाकाठच्या खडकावर जाऊन बसले. डोळे मिटले.

"ताई, जेवलात का?"

शेजारच्या मावशी होत्या. जेवले म्हटलं, तर चार पावलांवर जाऊन गवत कापत बसल्या. त्या उठल्या तर त्यांची सून धुणं घेऊन आली. एवढा मोठा काठ पडला होता, पण हिला माझ्याच खडकाशी कपडे आपटायचे होते. मग एक आबा शेळ्या घेऊन हजर. "हितं गारठा लय हाय, घरात बसा." मला इथेच बसायचंय, असं मी तोडून सांगितलं. आबांनी बिडी पेटवली आणि शेळ्या सोडून माझ्याकडेच बघत बसले. शेळ्या कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरल्या, तरी हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही तेच. माझं डोकं फिरलं. त्यापेक्षा घरचे पाहुणे परवडले, तिथे दाराला कडी तरी लावता येते. चिडून मी पार पाण्याशी जाऊन बसले, तशा मावशी पदर खोचून धावत आल्या आणि त्यांनी माझं मनगटच धरलं.

"काय लावलंय तुम्ही हे? सारखं कोण ना कोण माझ्या मागे!"

"रागावू नगा, ताई. बाईमानूस एकलंच पान्याकडं बघत बसलं, की आमी त्याला सोडत न्हाई. समद्यांनी पाळी लावलीया. घरी काय बी झालं आसंल, पन जीव नगा देऊ."

म्हणजे मी जीव द्यायला आलेय, हे यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं! उभ्या पिकावर बसवतात तशी माझ्यावर राखण बसवली होती, आणि मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. अंगाचा तिळपापड झाला. हात हिसडून मी ओरडले, "अजून मेले नाही मी! दोन घटका बसू द्याल की नाही?"

समोरच्या डोंगरावर आपटून ते परत आलं, आणि मी जागच्या जागी थिजले.

हे आईचं वाक्य होतं. दुपारी ओटा आवरून ती जरा टेकली आणि आम्ही भावंडं भोवती गोळा झालो, की ती अस्संच ओरडायची. आवाजही तिचाच होता, शेवटाला चिरकणारा, काचेवर नख ओढल्यासारखा.

मावशी दचकून मागे सरकल्या. "बसा की मग," म्हणाल्या. पण गेल्या नाहीतच.

राग अजून उतरला नव्हता. मी डोंगराकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला आणि तितक्याच जोरात पुन्हा ओरडले, "अजून मेले नाही मी!"

मग ऐकत राहिले.